करून शिकणारा की वाचून शिकणारा? एका लोकप्रिय समजुतीचा इतिहास



आजचा लेख कोणत्याही आजारावर नाही. तो एका समजुतीवर आहे. पण त्या समजुतीमुळे एका मुलाचा जीव धोक्यात आला होता, म्हणून तो आरोग्याच्याच लेखांमध्ये घालतो आहे.

चिखलोली धरणाच्या बाजूला पहाटे फिरायला गेलात तर पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं तुम्हाला हमखास दिसतील. १६०० मीटर पळणं, १०० मीटर पळणं, गोळाफेक. त्यांना शिकवणारे बहुतेक वेळा त्यांच्यापेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठे असतात. शारीरिक शिक्षणाची पदवी करता करता सकाळची एक बॅच घ्यायची आणि कॉलेजचा खर्च भागवायचा, असा त्यांचा हिशोब. कष्टाळू मुलं आहेत ही.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात त्यांच्यापैकी एक जण सकाळी आठच्या सुमारास एका मुलाला रिक्षात घालून माझ्याकडे घेऊन आला. मुलगा शेवटच्या फेरीत अडखळायला लागला होता, असंबद्ध बोलत होता. मार्गदर्शकानं त्याला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि वाट पाहिली. वीसेक मिनिटं गेली. मी तपासलं तेव्हा ताप १०४ च्या वर होता. कपडे काढले, अंगावर पाणी ओतलं, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवला, पंखा लावला आणि अॅम्ब्युलन्सनं मोठ्या रुग्णालयात पाठवलं. मुलगा वाचला. पण ती वीस मिनिटं महागात पडू शकली असती.

दोन दिवसांनी मार्गदर्शक भेटायला आला. मी विचारलं, "अरे, इतका वेळ का थांबलास?"

"सर, त्याला घाम येत होता. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं मला वाटलं."

"उष्माघाताचा धडा आहे ना तुम्हाला?"

"आहे सर. पण मी वाचून शिकणारा नाही. कॉलेजात आमची टेस्ट घेतली होती. मी कायनेस्थेटिक आलो. मला करूनच समजतं. थिअरी मी पास होण्यापुरती करतो."

मुलगा आळशी नव्हता, खोटंही बोलत नव्हता. त्याला कोणीतरी एक चिठ्ठी चिकटवली होती आणि त्यानं ती खरी मानली होती. ही चिठ्ठी आली कुठून? त्याचा इतिहास मोठा रंजक आहे, आणि अर्धा आपल्याच मातीतला आहे.

चिठ्ठ्या नव्हत्या तेव्हा कसं शिकवत?

आपल्या अंबरनाथचं शिवमंदिर शिलालेखानुसार शके ९८२ चं, म्हणजे इ.स. १०६० चं. त्यानंतर साधारण सत्तर वर्षांनी कल्याणीच्या (आपलं कल्याण नव्हे, आजच्या कर्नाटकातलं बसवकल्याण) चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर 'मानसोल्लास' हा ग्रंथ तयार झाला. त्यात मल्लांवर एक प्रकरण आहे. मल्लांचा आहार, त्यांचा व्यायाम, खांबावरचा सराव, सगळं त्यात येतं. मल्लांचे प्रकारही पाडले आहेत, पण ते वय आणि ताकद यांवरून. कोण पाहून शिकतो आणि कोण ऐकून, असा भेद तिथे नाही.

पुढे दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब पुन्हा नावारूपाला आणला. त्यांच्याबद्दल एक आख्यायिका सांगितली जाते. दरबारात अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान आव्हान घेऊन आले. बाळंभटदादांनी ते स्वीकारलं, वणीच्या सप्तशृंगीला जाऊन तप केलं आणि तिथे मारुतीनं त्यांना लाकडी खांबावरचे डाव दाखवले. आख्यायिका बाजूला ठेवू. पण शिकण्याची जी रीत त्यातून दिसते ती बघा. आधी नीट पाहायचं, मग अंगाला लावायचं, मग दुसऱ्याला शिकवायचं.

तालमीत वस्ताद शिकवतात तेव्हा काय होतं? वस्ताद डाव करून दाखवतात. मुलगा करतो. वस्ताद ओरडतात, "पाय आत घे!" कधी स्वतः पाय धरून जागेवर ठेवतात. मग जोडीदाराबरोबर तोच डाव पन्नास वेळा. पाहणं, ऐकणं, करणं आणि स्पर्श यांची वाटणी कोणी केली नव्हती. सगळ्यांना सगळं मिळत होतं.

आणि डावांची नावं बघा. 'धोबीपछाड' म्हटलं की धोबी दगडावर कपडा आपटतो ते डोळ्यांसमोर येतं, आणि खांद्यावरून वजन कसं फेकायचं ते अंगालाही कळतं. मल्लखांबावरचा 'सुईदोरा' तसाच. हाताच्या कडीतून अंग कसं ओवायचं ते नावातच आहे. शब्द कानावर पडतो, चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं आणि शरीर हलतं. एकाच शब्दात तिन्ही कामं होतात.

या पद्धतीत दोषही होते. ज्ञान वस्तादाच्या डोक्यात आणि अंगात होतं. वस्ताद गेले की डाव गेला. दुखापत का झाली, दम का लागतो, किती विश्रांती हवी, याची उत्तरं बहुतेक अंदाजानं दिली जात. 'का' विचारणाऱ्या शिष्याला दोन जोर जास्त काढावे लागत.

तालमीत पुस्तक येतं

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी माणसांनी हे बदलायला घेतलं. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं खो-खोचे नियम बांधले. अंगणातला खेळ कागदावर आला. त्याच वर्षी अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. सुरुवातीला तो आखाडाच होता. पुढे तिथे शारीरिक शिक्षणाचे वर्ग आणि नंतर महाविद्यालय उभं राहिलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथे जाऊन भारतीय व्यायाम आणि खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली.

बडोद्यात राजरत्न माणिकराव होते. व्यायामाचे मोठे शिक्षक, आणि हाडं बसवण्यातही नावाजलेले. त्यांच्याकडे जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण शिकला. तेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगक्रिया करताना शरीरात काय घडतं ते क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासायला सुरुवात केली. आखाड्यात वाढलेला हा माणूस 'करून पाहिलं, अनुभव आला' एवढ्यावर थांबला नाही. मोजलं, लिहिलं, छापलं. पुढे मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या कामातही त्यांनी पुढाकार घेतला. १९३८ मध्ये सरकारनं कांदिवलीला शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था काढली.

त्याच सुमारास बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार 'व्यायाम ज्ञानकोश' संपादित करत होते. १९३६ ते १९४९ या काळात त्याचे दहा खंड निघाले. दहा खंड, मराठीत, फक्त व्यायामावर! तालमीतल्या माणसाला वाचायला जमणार नाही, असं या मंडळींनी गृहीत धरलं नव्हतं हे लक्षात घ्या. पैलवानाच्या हातात पुस्तक द्यायचं आणि शिक्षकाला आखाड्यात उतरवायचं, असा तो काळ होता.

आज तुम्ही बी.पी.एड. करता तेव्हा मैदानावरच्या तासांबरोबर शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र हे सगळं का असतं, त्याचं उत्तर या इतिहासात आहे. ते विषय कोणी तुम्हाला छळायला घातलेले नाहीत.

मग चिठ्ठ्या कुठून आल्या?

त्यासाठी आपल्याला युरोपात जावं लागेल. १८८० मध्ये इंग्लंडच्या फ्रान्सिस गॅल्टननं लोकांना एक साधा प्रश्न विचारला. आज सकाळचं नाश्त्याचं टेबल आठवा, किती स्पष्ट दिसतं? काहींना सगळं रंगांसकट दिसलं. काहींना काहीच दिसेना. माणसामाणसांच्या मनातली चित्रं वेगवेगळी असतात, एवढं यातून कळलं.

तीन वर्षांनी पॅरिसच्या प्रसिद्ध मेंदुविकारतज्ज्ञ शार्को यांनी एका व्यापाऱ्याची केस मांडली. या माणसाची दृश्यस्मृती फार तल्लख होती. अचानक ती गेली. मनात चित्र उमटेनासं झालं. मग गोष्टी लक्षात ठेवायला त्याला त्या मोठ्यानं म्हणाव्या लागू लागल्या. शार्को सांगत की काही माणसं डोळ्यांची, काही कानांची, तर काही हालचालीची असतात. आजच्या चिठ्ठ्यांचं मूळ इथे आहे. पण त्याच केसमधली दुसरी गोष्ट बघा. डोळ्यांची वाट बंद झाल्यावर त्या माणसानं कानाची वाट वापरली. म्हणजे दुसरी वाट बंद नव्हतीच.

पुढे अमेरिकेत ग्रेस फर्नाल्ड यांनी वाचायला अडणाऱ्या मुलांसाठी पद्धत काढली. शब्द बघायचा, मोठ्यानं म्हणायचा आणि त्यावरून बोट फिरवायचं. त्यांचं पुस्तक १९४३ चं. त्यांनी मुलांची वाटणी केली नव्हती, इंद्रियं एकत्र आणली होती. मराठी वाचकाला यात नवल नाही. पाटीवर 'ग' गिरवताना आपण तोंडानं 'ग' म्हणतच होतो.

वाटणी सुरू झाली ती १९७० च्या दशकात. रीटा आणि केनेथ डन हे दांपत्य, डेव्हिड कोल्ब, नंतर इंग्लंडचे हनी आणि ममफर्ड, प्रत्येकानं आपापली प्रश्नावली आणि आपापले प्रकार आणले. सगळ्यांत लोकप्रिय झाली ती न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची १९८७ ची 'व्हार्क'. फ्लेमिंग शाळा तपासनीस होते. काही उत्तम शिक्षकांचं शिकवणं काही मुलांपर्यंत का पोहोचत नाही, हा त्यांना पडलेला प्रश्न होता. प्रश्न प्रामाणिक होता. त्यातून चार अक्षरं आली. पाहणारे, ऐकणारे, वाचणारे-लिहिणारे आणि करणारे म्हणजे कायनेस्थेटिक.

एक गोष्ट स्पष्ट करतो. ही प्रश्नावली तुम्हाला काय आवडतं ते सांगते. तुमच्यात काय क्षमता आहे ते सांगत नाही. खुद्द फ्लेमिंगही तिला क्षमतेची परीक्षा म्हणत नव्हते. पण वर्गात पोहोचेपर्यंत 'मला आवडतं' चं 'मला एवढंच जमतं' झालं.

खेळाच्या विद्यार्थ्यांना ही चिठ्ठी सगळ्यांत सहज चिकटते. ज्यानं दहा वर्षं मैदानावर काढली त्याला विचारलं, "तुला पुस्तक आवडतं की करून बघणं?" तर तो काय म्हणेल? हे म्हणजे पोहणाऱ्याला विचारायचं की तुला पाणी आवडतं का, आणि उत्तर आलं की म्हणायचं, याला जमिनीवर चालता येत नाही.

समजूत तपासली गेली तेव्हा

२००४ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि सहकाऱ्यांनी मोजदाद केली. अध्ययनशैलींची तब्बल ७१ मॉडेल्स निघाली! त्यांतल्या १३ महत्त्वाच्या मॉडेल्सचा त्यांनी बारकाईनं अभ्यास केला. अनेकांचा पाया कच्चा निघाला.

२००८ मध्ये अमेरिकेत हॅरॉल्ड पॅशलर आणि तीन मानसशास्त्रज्ञांनी साधी कसोटी मांडली. आम्ही डॉक्टर औषध तपासतो तशीच ती आहे, म्हणून मला फार आवडते.

समजा, एक गट 'पाहणाऱ्यांचा' आणि एक 'ऐकणाऱ्यांचा'. दोन्ही गटांतल्या अर्ध्यांना चित्रांनी शिकवा, अर्ध्यांना बोलून. कोणाला काय द्यायचं ते चिठ्ठी टाकून ठरवा. शेवटी सगळ्यांना एकच परीक्षा. पाहणाऱ्यांना चित्रांनी आणि ऐकणाऱ्यांना बोलण्यानं जास्त फायदा झाला, तरच 'शैलीनुसार शिकवा' हे म्हणणं सिद्ध होतं. अशा रीतीनं केलेले अभ्यास त्यांनी शोधले. मोजकेच सापडले, आणि त्यांतल्या बऱ्याच अभ्यासांचे निष्कर्ष समजुतीच्या उलट होते.

तरीही समजूत गेली नाही. २०१२ च्या एका पाहणीत इंग्लंडमधल्या ९३ टक्के आणि नेदरलँड्समधल्या ९६ टक्के शिक्षकांनी 'शैलीनुसार शिकवलं तर मुलं चांगली शिकतात' हे खरं मानलं.

आमच्या विषयातला अभ्यास २०१९ मध्ये आला. अमेरिकेच्या इंडियाना विद्यापीठातल्या शरीररचनाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांची 'शैली' सांगण्यात आली. साधारण दोन तृतीयांश विद्यार्थ्यांनी तिच्यानुसार अभ्यास केलाच नाही. ज्यांनी केला त्यांना जास्त गुण मिळाले नाहीत. मात्र सूक्ष्मदर्शकाचा सराव आणि नोट्स वाचणं या सवयी कोणत्याही शैलीच्या विद्यार्थ्यांना उपयोगी ठरताना दिसल्या.

मेंदूत नक्की काय घडतं?

"पण सर, मला खरंच करून लवकर समजतं!" बरोबर आहे. यातलं खरं काय ते सांगतो.

१९५३ मध्ये अमेरिकेत फिट्स थांबवण्यासाठी एका तरुणाच्या मेंदूची शस्त्रक्रिया झाली. वैद्यकीय पुस्तकांत तो 'एच. एम.' या नावानं प्रसिद्ध आहे. शस्त्रक्रियेनंतर त्याच्या मनात नवी आठवण टिकेना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. करून बघा, भलतं अवघड असतं. तीन दिवस सराव केला. तिसऱ्या दिवशी त्याचा हात सफाईनं चालत होता. पण आपण हे आधी केलं आहे, हे त्याला आठवत नव्हतं!

याचा अर्थ काय? हालचालीचं कौशल्य आणि माहितीची आठवण मेंदूत वेगवेगळ्या व्यवस्थांमधून जातात. कौशल्यात लहान मेंदू आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या गाठी मोठं काम करतात. माहितीची नवी आठवण तयार व्हायला हिप्पोकॅम्पस लागतो. आणि या दोन्ही व्यवस्था तुमच्या सगळ्यांच्या डोक्यात आहेत.

म्हणून शिकणाऱ्याचा प्रकार शोधू नका, शिकायच्या गोष्टीचा प्रकार ओळखा. गोळाफेक पुस्तक वाचून कोणालाच येणार नाही, मग तो कितीही वाचणारा असो. आणि उष्माघाताची लक्षणं मैदानावर पळून कोणालाच कळणार नाहीत, मग तो कितीही करणारा असो.

कौशल्य शिकण्याचे टप्पे १९६७ मध्ये फिट्स आणि पोस्नर यांनी सांगितले. (फिट्स हे इथे शास्त्रज्ञाचं नाव आहे, आजार नव्हे!) आधी काय करायचं ते डोक्यानं समजून घ्यायचं. मग चुका दुरुस्त करत जुळवायचं. शेवटी ते आपोआप होऊ लागतं. म्हणजे करून शिकण्याची सुरुवातही समजून घेण्यानंच होते.

सरावाबद्दलही आश्चर्याच्या गोष्टी कळल्या आहेत. १९७८ च्या एका प्रयोगात आठ वर्षांच्या काही मुलांनी तीन फुटांवरून लक्ष्यावर छोटी पिशवी फेकण्याचा सराव केला. दुसऱ्या गटानं दोन आणि चार फुटांवरून केला. परीक्षा तीन फुटांवरून घेतली. जिंकला दुसरा गट. १९८६ मध्ये बॅडमिंटनच्या तीन सर्व्हिस शिकवताना असंच दिसलं. (या खेळाचे सुरुवातीचे काही नियम १८७० च्या दशकात आपल्या पुण्यातच बनले.) एकच सर्व्हिस ओळीनं घोटणाऱ्या मुलींपेक्षा तिन्ही सर्व्हिस उलटसुलट क्रमानं करणाऱ्या मुली सरावात चुकत होत्या, पण नंतरच्या परीक्षेत सरस ठरल्या. सरावात सोपं वाटतं तेच खरं शिकणं, असं नसतं. 'मला जे सोपं जातं तेच मी करणार' म्हणणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

खाशाबांना कोणी शैली विचारली नाही

आपल्या महाराष्ट्रातला सगळ्यांत मोठा दाखला खाशाबा जाधवांचा. गाव कराडजवळचं गोळेश्वर, कॉलेज कोल्हापूरचं राजाराम. म्हणजे विद्यापीठात शिकणारा खेळाडूच. आयुष्यभर लाल मातीत खेळलेला हा तरुण १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेला तेव्हा समोर मॅट होती आणि नियम आंतरराष्ट्रीय होते. तिथे अमेरिकन कुस्तीगीर रीस गार्डनर यांचं मार्गदर्शन त्यांना मिळालं. खाशाबा सहावे आले.

आता विचार करा. त्यांच्या अंगात माती होती. ते म्हणू शकले असते, मी मातीत शिकणारा माणूस, मॅट माझी शैली नाही. त्यांनी मॅट शिकून घेतली. ताकद आणि चपळाई सरावानं आली. गुण कसे मिळतात ते नियम समजून घेऊनच कळतं. परदेशी मल्ल काय करतात ते पाहूनच कळतं. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

दुसरा दाखला मुंबईचा. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे मल्लखांब प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी दृष्टिहीन मुलींनाही मल्लखांब शिकवला. जिथे पाहून शिकण्याची वाटच नाही तिथे शब्द आणि स्पर्श यांनी काम केलं. अडचण खरी असेल तर वाट बदलावी लागते आणि ती बदलता येते. दृष्टी नसणं, ऐकू न येणं, डिस्लेक्सिया या खऱ्या अडचणी आहेत. त्यांचं निदान होतं आणि त्यांना मदत मिळायलाच हवी. पण सोळा प्रश्नांच्या प्रश्नावलीतून निघालेलं अक्षर म्हणजे निदान नव्हे.

वाचताना अक्षरं उलटसुलट होत असतील, लहानपणापासून वाचन फार संथ असेल, तर 'मी कायनेस्थेटिक' म्हणून गप्प बसू नका. तपासून घ्या. चिठ्ठीमागे खरी अडचण लपून राहणं हाही या समजुतीचा एक तोटा आहे.

मग अभ्यास कसा करायचा?

शारीरिक शिक्षणाच्या आणि क्रीडा प्रशिक्षणाच्या विद्यार्थ्यांसाठी काही साध्या सूचना:

१. एक स्नायू, चार वाटा. मांडीच्या मागचे स्नायू शिकताना पुस्तकात वाचा, वहीत आकृती काढा, स्वतःच्या पायावर हात ठेवून गुडघा वाकवा आणि मित्राला समजावून सांगा. हे सगळ्यांनी करायचं, फक्त 'करणाऱ्यांनी' नाही.

२. पुस्तक मिटून आठवा. तोच धडा चार वेळा वाचण्यापेक्षा एकदा वाचून तीनदा आठवून लिहिलेलं आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं.

३. अंतर ठेवा. एका रात्रीत पाच तास बसण्यापेक्षा पाच दिवस एकेक तास बसा. जोर-बैठकाही तुम्ही वर्षाच्या एकाच दिवशी काढत नाही.

४. सराव मिसळा. पाया बसला की एकच फटका शंभर वेळा मारू नका. अंतर, वेग, क्रम बदला.

५. शिकवताना मुलांची वाटणी करू नका. दाखवा, थोडक्यात सांगा, करून घ्या, चूक दुरुस्त करा. आपले वस्ताद हेच करत होते. फक्त 'का' विचारणाऱ्याला आता जोर काढायला लावू नका, उत्तर द्या.

शेवटी, त्या धड्याबद्दल

मैदानावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकानं हे पाठ करावं. पळताना किंवा सरावात कोणी अडखळू लागला, चिडचिड करू लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर उष्माघात समजूनच वागा. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. कातडी कोरडी पडते हे उन्हात बसून राहिलेल्या वृद्धांमध्ये जास्त दिसतं. व्यायाम करणारा तरुण घामानं निथळत असतानाही त्याचं शरीर आतून १०४ अंशांच्या वर तापलेलं असू शकतं. लगेच थंड करा. कपडे सैल करा, मिळेल त्या गार पाण्यात बसवा, नाहीतर बादल्या ओता, बर्फ लावा, वारा घाला. त्याच वेळी १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. आधी थंड करणं, मग हलवणं. पहिली तीस मिनिटं फार मोलाची असतात.

त्या मार्गदर्शक मुलाला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, हे दोन पानांत होतं."

"हो. दोनच पानांत होतं."

त्या पावसाळ्यात तो अधूनमधून दवाखान्यात यायचा. रुग्ण कमी असले की शरीरक्रियेचं पुस्तक उघडून बसायचा आणि अडलेलं विचारायचा. हळू वाचायचा, पण वाचायचा. आता तो शिकवतो. त्याच्या बॅचची मुलं मे महिन्यात उजाडायच्या आत पळून घेतात, आणि त्याच्या मोटरसायकलला पाण्याचे दोन मोठे कॅन आणि बर्फाचा डबा बांधलेला असतो. मुलांकडून लक्षणं तोंडपाठ म्हणून घेतो आणि एकाला खाली झोपवून बाकीच्यांना काय करायचं ते करायलाही लावतो.

तुमच्याही कपाळावर कोणी अशी एखादी चिठ्ठी चिकटवली असेल तर काढून टाका. काळजी घ्या, आणि हा लेख तुमच्या ओळखीच्या एखाद्या मार्गदर्शकाला जरूर वाचायला द्या.